अनसाक्काच्या रानातली वाट

तहसीलदारसाहेबांना बसायला खुर्ची अनसाक्कानंच आणून दिली. पदरानं पुसली, रामफळाच्या झाडाखाली सावलीत मांडली आणि ती सोप्याच्या पायरीवर जाऊन बसली. बाकी आम्ही सगळे तिच्या अंगणात उभे होतो. एका बाजूला आई आणि मी. दुसऱ्या बाजूला अनसाक्काचा मुलगा सर्जेराव आणि त्यानं कोल्हापूरहून आणलेला वकील. मधे मांडीवर कागद घेऊन तलाठी. आणि सभोवार अख्खी वाडी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण भांडण फुकटात बघायला मिळत असेल तर आमच्या वाडीत रानातली भांगलणसुद्धा थांबते.

भांडण वाटेचं होतं. आता त्या वाटेवर पंचायतीचं डांबर पडलं आहे. आई-आबा दोघंही राहिले नाहीत. त्यामुळे हे सांगायला आता हरकत नाही.

आमची वस्ती ओढ्याच्या वरच्या अंगाला, एकटी. गाडीरस्ता खाली. मधलं सगळं रान अनसाक्का मगदूमचं. आमच्या दारातून निघालेली वाट तिच्या उसाच्या कडेनं उतरायची, तिच्या अंगणातून जायची आणि रस्त्याला लागायची. मी त्याच वाटेनं शाळेला गेले, डी.एड.ला गेले आणि मास्तरीण होऊन परत आले. दुसरा मार्ग म्हणजे मागचा ओढा. उन्हाळ्यात दगडांवर पाय देत पलीकडं जाता येई. पावसाळ्यात तो म्हशीलाही जुमानत नसे.

आबांची डावी बाजू अर्धांगानं गेली, तेव्हापासून ह्या वाटेची खरी गरज कळली. त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा थेट आमच्या दारापर्यंत यायची. आणि त्याच वर्षी दिवाळीत सर्जेराव पुण्याहून आला, रानाभोवती तारा ओढल्या, अंगणाच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवलं आणि त्याला कुलूप घातलं. त्याला रानासाठी मुंबईचं गिऱ्हाईक मिळालं होतं. रान आवडलं, पण मधून दुसऱ्याची वाट नको, असं गिऱ्हाईक म्हणालं होतं.

त्यानंतर आबांना दवाखान्यात न्यायचं झालं, तेव्हा चौघांनी बाजेसकट ओढ्यातून नेलं. एकाचा पाय घसरला आणि आबा गुडघाभर पाण्यात पडले. पाण्यातच बसून म्हणाले, "पावसाळ्यात मेलो तर ओढा उतरंपत्तूर ठेवा मला." चौघंही हसले. मला हसू आलं नाही. वाट सुटली नाही, तर पावसाळ्याआधी वस्ती सोडून कुठंतरी भाड्याच्या खोलीत राहायला जावं लागणार होतं. आबा खोलीत चार महिनेसुद्धा काढणार नाहीत, हे आईला ठाऊक होतं आणि मलाही.

मी तहसीलदारांकडं अर्ज केला. वकील मात्र दिला नाही. "खरं सांगायला वकील कशाला लागतोय?" असं आईचं म्हणणं.

ह्या सगळ्यात अनसाक्का कुठं होती, तर तारेच्या पलीकडं. सातबारा तिच्या नावावर, पण राज्य मुलाचं. कुलूप घातलं त्या दिवशी ती तारेपाशी येऊन आईला म्हणाली होती, "गोकुळे, पोरगं ऐकत न्हाई गं माझं. त्याच्याच तुकड्यावर हाय मी, काय करू?" आणि तारेवरून ताकाचा तांब्या दिला होता. आई आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन ह्या माळावर आलेल्या. माझी नाळ अनसाक्कानं कापली. आईला विषमज्वर झाला तेव्हा तिनं एका अंगाला सर्जेरावाला घेतलं आणि दुसऱ्या अंगाला मला. म्हणून मी सर्जेरावाला दादा म्हणत असे, आणि कुलूप घातल्यावरही तोंडातून दादाच निघायचं.

तर त्या दिवशी साहेबांनी आधी आईला विचारलं. वाट कधीपासून, गाडी जायची का, कुणी अडवलं का. आईनं सगळं नीट सांगितलं. मग वकील पुढं आला. बोलायला अगदी गोड माणूस.

"मावशी, मला एवढंच सांगा. हे रान कुणाचं?"

"अनसाक्काचं. आनि कुणाचं?"

"मग तिच्या रानातून जाताना तुम्ही तिला कधी विचारलंत?"

आईला ते लागलंच. "इचारल्याबिगर जाईन व्हय? चोर हाय काय मी?" ती साहेबांकडं वळली. "सायेब, माझ्या सासूनं लावून दिलंय ते. दुसऱ्याच्या रानातनं जायचं तर सालाला इचारून जावं. पाडव्याला घरोघर गड्याचं साल ठरतंय, तसं आमचं वाटंचं ठरतंय. पोळीचं ताट घिऊन मी हिच्या दारात येती. म्हंती, अनसे, औंदा वाट देतीस न्हवं? आनि ही म्हंती, न्हाई दिली तर काय उडून जाशील?"

वाडी हसली. साहेबही हसले. अनसाक्का खाली मान घालून पायरीवरची माती नखानं खरवडत होती.

"दरवर्षी विचारायचात?" वकिलानं विचारलं.

"एक साल चुकलं न्हाई. हिचा नवरा वारला त्या साली बी, सुतकात, लांबनं इचारलं."

"आणि त्या परवानगी द्यायच्या?"

"दिल्याबिगर ऱ्हाईल व्हय?"

"बस्स," वकील म्हणाला. "साहेब, एवढं लिहून घ्या. मालकीणबाईंनी आता फक्त हो म्हणायचं आहे."

त्याचा चेहरा खुलला होता. मला वाटलं, माणूस वेडा आहे. आईनं तर चांगलंच सांगितलं, हा कशानं खूश झाला?

अनसाक्का उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला.

"काय म्हनायचं मी?"

"ह्या दरवर्षी विचारायच्या आणि तुम्ही वाट द्यायचात. खरं आहे ना?"

"खोटं हाय," अनसाक्का म्हणाली.

सर्जेराव म्हणाला, "आई, नीट ऐक त्यांचं."

"ऐकलंय मी. ती खोटं बोलतीया. मला एकदा बी इचारलं न्हाई तिनं. मी एकदा बी दिली न्हाई. नांदाय आल्यापासनं माझ्या डोळ्यांदेखत जातीया, दिवसाढवळ्या, बापाची वाट असल्यागत. गाड्या नेल्या, म्हसरं नेली. मी कवा अडवलं न्हाई, कवा व्हय म्हनलं न्हाई. लिवा, सायेब."

"आणि ते पाडव्याचं?"

"कसला पाडवा आनि कसलं ताट? आमचं कवा पटलंच न्हाई. माझ्या उंबऱ्याच्या आत आली न्हाई ती."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही शपथेवर बोलताय."

"व्हय की. देवाची शपथ."

मी आईकडं बघितलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. भरल्या वाडीत ती खोटारडी ठरली होती, आणि ठरवणारी अनसाक्का होती. वाटेचं तिच्या मनातून कधीच निघून गेलं होतं.

"अनसे," आई म्हणाली. आवाज फार बारीक होता. "माझ्या ह्या लेकीला दूध पाजलंस, ते बी खोटं?"

अनसाक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. आईकडंही नाही. तलाठ्याच्या कागदाकडं बघत ती म्हणाली, "कुणाला पाजलं? मला ठावं न्हाई."

वाडीतल्या बाया मागं सरकल्या. आईनं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतली.

"मग ऐक," आई म्हणाली. "हितनं फुडं माझ्या मढ्याला बी येऊ नगंस. आनि तुझ्या मढ्याला मी येनार न्हाई."

"नगंस येऊ," अनसाक्का म्हणाली, आणि आत गेली.

निकाल आमच्या बाजूनं लागला. तलाठी आणि पोलीसपाटील येऊन कुलूप काढून गेले. वाडीत सगळे म्हणाले, म्हातारी उलटली, पण साहेब खमक्या निघाला, त्यानं खरं ओळखलं. मलाही तसंच वाटलं. रिक्षा पुन्हा दारात यायला लागली. आबा रिक्षात बसून जाताना अनसाक्का पायरीवर दिसली की उजवा हात वर करत. ती मान हलवे. मी दुसरीकडं बघे.

आई त्या वाटेवर पाय ठेवीना. डोक्यावर पाटी घेऊन ओढ्यातून जायची. मी रागावले, विनवलं. ती म्हणायची, "वाट तुमाला मिळालीया. मला न्हाई." पाडव्याला पुरण शिजलं नाही. कुठल्याही गोष्टीवर घंटाभर बोलणारी माझी आई अनसाक्काबद्दल एक अक्षर बोलायची नाही, आणि मला त्याचीच भीती वाटायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सर्जेरावानं प्रांताकडं अपील केलं. ते चालू असतानाच अनसाक्का आजारी पडली आणि तो तिला पुण्याला न्यायला आला. गाडी अंगणात उभी होती. थोड्या वेळानं त्याची बायको चढण चढून आमच्या दारात आली.

"मावशी, आत्यांनी बोलावलंय. घडीभर या, म्हणाल्या."

आई चुलीपुढं बसली होती. तिनं मागंही वळून बघितलं नाही. "सांग जा, घरात कुनी न्हाई."

बिचारी परत गेली. मी दारात उभी राहून खाली बघत होते. गाडीचं दार उघडं ठेवून अनसाक्का बाहेर उभी होती, आमच्या घराकडं तोंड करून. सून जाऊन काहीतरी बोलली. तरी ती बराच वेळ उभीच राहिली. शेवटी सर्जेरावानं धरून तिला आत बसवलं.

श्रावणात ती पुण्यातच वारली. निरोप आला तेव्हा आई भात निवडत होती. निवडतच राहिली. वाडीतली चार माणसं गाडी करून पुण्याला गेली, आमच्यातलं कुणी गेलं नाही. आबा एवढंच म्हणाले, "जायाला पायजे हुतं, गोकुळा." आईनं सूप ठेवलं आणि ती घरामागच्या परड्यात निघून गेली.

ऊस तुटून गेल्यावर एके दिवशी सर्जेराव एकटाच वर आला. त्याला बघून आई आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटलं. तो आबांच्या बाजेपाशी टेकला. बराच वाळला होता.

"शालन, अपील मी काढून घेतलंय," तो म्हणाला.

"का?"

"आईनं वचन घेतलं दवाखान्यात."

मी म्हणाले, "दादा, आता कसलं वचन? वाडीसमोर माझ्या आईला खोटारडी केली तिनं. दूध पाजलं ते नाकारलं."

तो माझ्याकडं बघत राहिला. "तुम्हाला अजून कळलंच नाही होय?"

"काय कळायचंय?"

"तुझ्या आईचं खरं धरलं असतं, तर वाट गेली होती." तो खाली बघून सांगायला लागला. "साहेब यायच्या आदल्या दिवशी वकिलानं आईला सोप्यात बसवून समजावलं होतं. म्हणाला, विचारून वापरली तर ती नुसती परवानगी. देणाऱ्यानं कधीही काढून घ्यावी, आणि देणारा मेला की संपली. पण न विचारता, उघड, वर्षानुवर्षं वापरली, तर तो हक्क होतो. तो जमिनीला चिकटतो. मालक कुणीही येऊ दे, वाट राहते. म्हणून आजी, तुम्ही फक्त खरं सांगा. पाडव्याला विचारायच्या, मी द्यायची. आई म्हणाली, परत एकदा सांगा वो, मला नीट समजू द्या. त्यानं परत सांगितलं. मला वाटलं, म्हातारी आपल्या बाजूची आहे."

आबांनी डोळे मिटले. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी उशीवर आलं.

"मग आईला सांगायचं तरी," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "शेजारी तर होती. रोज दिसत होती. एका शब्दानं सांगायचं."

"मी पण तेच विचारलं तिला. म्हणाली, गोकुळीच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. तिला कळलं तर त्याच पावली कचेरीत जाईल आणि साहेबाला सांगेल, माझी अनसा माझ्यापायी खोटं बोलली. मग सगळंच गेलं. अपील संपू दे, मग मीच जाऊन पाया पडते तिच्या."

आतल्या दाराची कडी वाजली. आई उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दवाखान्यात तिच्याजवळ कोन हुतं?" तिनं विचारलं.

"मी होतो, मावशी."

"काय म्हनत हुती?"

सर्जेराव बाजेची दोरी बोटाला गुंडाळायला लागला.

"सांग रं."

"शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाली, गोकुळीला बोलव. मी म्हटलं, गाडी पाठवतो. मग स्वतःच म्हणाली, नको. ती यायची नाही. तिनं शब्द दिलाय."

आई उंबऱ्यातच खाली बसली. मी माझ्या आईला रडताना अनेकदा बघितलं होतं, तिला रडायला फार वेळ लागत नसे. पण त्या दिवशी तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. "अनसे, मी घरात हुते गं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "घरातच हुते."

मग एकाएकी उठली. तोंड धुतलं, दांडीवरचं चांगलं लुगडं ओढलं.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"कचेरीत. लिवून दिती. आमी दोघी जिवाभावाच्या हुतो म्हनून. तिच्या नावावर तसलं वंगाळ ऱ्हाऊ देनार न्हाई मी. जाऊ दे वाट."

सर्जेराव तिच्या आडवा झाला. "मावशी, तेवढं करू नका. रान विकलंय मी. अपील मी सोडलं, पण नवा मालक दिवाणीत जाऊ शकतो. तुमच्या तोंडून एक शब्द गेला की तो ही वाट बंद करणार. मग आईनं केलं ते कशाला केलं?"

आई त्याला ढकलायला लागली. तेव्हा बाजेवरून आबा बोलले. अर्धांगानंतर त्यांचे शब्द जड झाले होते, पण तो शब्द स्वच्छ आला.

"गोकुळा, गप."

ती थांबली. हातातलं लुगडं तसंच धरून भिंतीला टेकली.

"किती दिस गप बसू?" तिनं विचारलं.



त्यानंतर मला रोज धास्ती असायची. आईला ओळखणाऱ्या कुणालाही वाटली असती. एखादं लग्न, एखादं बारसं, कुणीतरी सहज म्हणायचं, "ती अनसाक्का काय बया हुती वो, देवाची शपथ घिऊन खोटं बोलली." मी आईकडं बघायची. आई पानाला चुना लावत बसायची. ती वाटेवरून मात्र जायला लागली होती. अनसाक्काच्या बंद घरापाशी आली की पायातल्या चपला काढून हातात घ्यायची आणि अंगण ओलांडून पुन्हा घालायची. का, ते कुणी विचारलं तर म्हणायची, चप्पल लागतीया.

पुढच्या उन्हाळ्यात नव्या मालकाचा माणूस आला. तरुण पोरगा होता, हातात बॅग, बोलणं अदबीचं. आबांची विचारपूस केली, पाणी प्यायला, आमच्या आंब्याचं कौतुक केलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "आजी, ही वाट तुम्हाला पूर्वीच्या मालकीणबाईंनी दिली होती ना? चांगला शेजार होता म्हणे तुमचा. गावात कुणी कुणी सांगत होतं."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. इतक्या मायेनं आईला अनसाक्काबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. आणि आई ती गोष्ट सांगायला किती आसुसली होती, ते मला माहीत होतं.

आईनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"मला कुनी दिली न्हाई," ती म्हणाली. "आनि मी कुनाला मागितली न्हाई. गेले, येत ऱ्हायले."

"पण तिथं तहसीलदारांसमोर तर तुम्ही सांगितलं होतं की दरवर्षी..."

"तवा खोटं बोलले मी. चार माणसांत आपली अब्रू ऱ्हावी म्हनून. ती म्हातारी खरं बोलली."

पोरगा गोंधळला. "म्हणजे तुमचे संबंध..."

"कसले संबंध? वैरीण हुती माझी," आई म्हणाली. "लिवून घ्या तसं."

त्यानं खरोखरच लिहून घेतलं. आईनं अंगठा दिला. चहा पिऊन, नमस्कार करून तो निघाला आणि रानाच्या कडेनं खाली उतरायला लागला. तो अनसाक्काच्या घरामागं दिसेनासा होईपर्यंत आई ताठ बसून होती.

मग मला म्हणाली, "शालन, दार लाव. मला रडायचंय."